आईवडिलांच्या नावाने ट्रस्ट काढायचाय? आधी घरात एक बैठक घ्या

ट्रस्टची चौकशी करायला कुटुंबं साधारण ठरलेल्या वेळी येतात. वडिलांचं वर्षश्राद्ध नुकतंच झालेलं असतं, किंवा रस्त्यात गेलेल्या जमिनीचा मोबदला खात्यावर जमा झालेला असतो, किंवा आईची पंच्याहत्तरी जवळ आलेली असते आणि दिवाळीला सगळी भावंडं एकत्र असतात. "आईच्या नावाने काहीतरी चांगलं करायचंय मॅडम, ट्रस्टचे कागद तयार करून द्या." मी नाशिकमध्ये सीए म्हणून काम करते, कॅनडा कॉर्नरजवळ माझं ऑफिस आहे, आणि त्यात ट्रस्ट-संस्थांचंच काम जास्त. कागद महिन्या-दोन महिन्यांत तयार होतात. पण भावंडांनी एकत्र बसून बोलायच्या ज्या गोष्टी असतात, त्या कागदाच्या आधी झाल्या नाहीत तर पुढे दहा वर्षांनी त्याच गोष्टी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात, वकिलांमार्फत बोलाव्या लागतात. म्हणून मी आधी घरातल्या बैठकीबद्दल सांगते, कायद्याबद्दल नंतर.

त्याच्याही आधी एक प्रश्न. ट्रस्ट खरंच लागणार आहे का?

हिशोब करून बघा. पाच लाखांची ठेव ठेवली आणि ७ टक्के व्याज धरलं, तर वर्षाला ३५ हजार रुपये हातात येतात. ऑडिटची फी, विवरणपत्रं, धर्मादायची कामं, पावती पुस्तकं, बँकेचे खर्च यात तेवढे सहज जातात. म्हणजे ट्रस्ट जिवंत ठेवण्यातच व्याज संपलं, मुलांच्या फीला काही उरलं नाही. तेच पाच लाख एखाद्या चालत्या शाळेकडे, महाविद्यालयाकडे किंवा वाचनालयाकडे आईच्या नावाचा ठेवनिधी म्हणून दिले, तर व्याजाचा रुपयान् रुपया पारितोषिकाला किंवा शिष्यवृत्तीला लागतो. नाशिकला जुन्या संस्थांची कमतरता नाही. सार्वजनिक वाचनालय १८४० सालचं, मराठा विद्या प्रसारक समाज १९१४ चा, गोखले एज्युकेशन सोसायटी १९१८ ची. देणगीदाराच्या नावाने बक्षीस ठेवायची रीत शिक्षणसंस्थांमध्ये फार जुनी आहे. ठेवनिधी देताना फक्त एक पत्र नीट लिहून घ्या: रक्कम कुठे गुंतवणार, व्याज कशाला वापरणार, व्याजदर घसरला तर काय करणार, आणि दरवर्षी कुणाला मदत मिळाली हे कुटुंबाला कोण कळवणार. एवढ्यावर तुमचं समाधान होत असेल तर मनापासून सांगते, ट्रस्ट काढू नका.

२५ लाखांचं गणित वेगळं. ७ टक्क्यांनी १ लाख ७५ हजार. समजा ३५ हजार खर्चात गेले, तरी १ लाख ४० हजार उरतात. सुरगाणा किंवा पेठहून नाशिकला शिकायला आलेल्या दहा-अकरा मुलांच्या मेसला किंवा फीला प्रत्येकी बारा-तेरा हजारांचा हातभार लागतो. हे काम दिसण्याजोगं आहे. मोठी ठेव नसतानाही ट्रस्ट चालतो बरं का. चार भावंडांनी दरवर्षी ठराविक रक्कम द्यायचं ठरवलं आणि ती खरंच दिली, तर काही हजारांच्या मूळ रकमेवर नोंदलेला ट्रस्टही उत्तम काम करतो. प्रश्न सातत्याचा असतो.

आता घरातली बैठक.

निफाडकडच्या एका द्राक्ष बागायतदार कुटुंबाची गोष्ट सांगते, कारण ही बैठक कशी व्हावी हे मला त्यांच्याकडे बघून समजलं. वडील गेलेले, दोन भाऊ शेतीत, बहीण नाशिकला शिक्षिका, धाकटा अमेरिकेत. भावांच्या डोक्यात होतं गावात वडिलांच्या नावाचं सभागृह बांधायचं, त्यासाठी ट्रस्ट. आराखडासुद्धा काढून आणलेला. बहिणीला शिष्यवृत्ती हवी होती. बोलणं वर चढायला लागलं तशी आई आत गेली आणि औषध दुकानदाराने दिलेल्या जुन्या डायऱ्यांचा गठ्ठा घेऊन आली. द्राक्षाचा माल गेला, व्यापाऱ्याचे पैसे आले की वडील त्यातून कुणाला काय दिलं ते मागच्या पानांवर पेन्सिलने लिहायचे. "पेठचा मुलगा, वसतिगृह, ३०००." "सिव्हिल, गाडीभाडं, ४००." "सप्ताह, पंगत." "शाळेला फळा." पुढच्या वर्षी पुन्हा "वसतिगृह", पुन्हा "सिव्हिल, गाडीभाडं". गाडीभाड्याच्या नोंदी सगळ्यात जास्त होत्या, आणि मुलांपैकी कुणालाच त्या माहीत नव्हत्या. थोरल्याने पानं उलटून पाहिली, मग आराखड्याची गुंडाळी खुर्चीमागे ठेवली. आई एवढंच म्हणाली, "हॉल काय, ह्यांनी बांधला नसता. पोरांच्या फिया भरल्या असत्या." त्या ट्रस्टची उद्दिष्टं मग त्या डायरीतूनच आली: आदिवासी तालुक्यांतल्या मुलांचं शिक्षण, आणि गरीब रुग्णांना दवाखान्यात नेण्या-आणण्याचा खर्च.

तुमच्या घरी डायरी नसेल, पण गेल्या पाच-सात वर्षांत घरातून कुणाला, कशासाठी पैसे गेले हे आठवता येतंच. कामवाल्या मावशींच्या मुलीची फी, गावातल्या मंदिराचा जीर्णोद्धार, कुणाचं ऑपरेशन. एका कागदावर लिहून काढा. तुमचं घर कशासाठी हात सैल सोडतं ते त्यात दिसेल, आणि ट्रस्ट त्याच कामासाठी टिकेल. विश्वस्तलेखात, म्हणजे ट्रस्ट डीडमध्ये, "शिक्षण, आरोग्य, पर्यावरण, क्रीडा, संस्कृती, महिला सक्षमीकरण, गोसेवा" अशी लांबलचक यादी घालायचा मोह होतो. पुढे अडचण नको म्हणून थोडं मोकळं लिहायला हरकत नाही, तेवढं मी करून देते. पण पहिल्या पाच वर्षांत करायचं काम एकच ठरवा, आणि ते बैठकीच्या कागदावर सगळ्यांच्या सह्यांनिशी लिहा.

त्याच बैठकीत तीन गोष्टी स्पष्ट बोलून घ्या.

एक, हा पैसा आता आपला राहणार नाही. सार्वजनिक ट्रस्टला दिलेली रक्कम परत घेता येत नाही. धंद्यात खोट आली, मुलीचं लग्न निघालं, तरी त्यातून हातउसनेही घेता येत नाहीत. हे वाक्य मी आईवडिलांसमोर आणि सुनाजावयांसमोर दोनदा म्हणते. वहिनींना हे आधी सांगितलेलं नसतं आणि नंतर कळतं, तेव्हा त्यांचा राग रास्तच असतो. पोटापुरतं, म्हातारपणापुरतं, आजारपणापुरतं बाजूला ठेवा आणि मग उरलेल्यातून द्या.

दोन, फायदा घरच्यांना होता कामा नये. आपल्याच पुतण्याला शिष्यवृत्ती, भावाच्या गाळ्यात बाजारभावापेक्षा जास्त भाड्याने ऑफिस, मेहुण्याच्या दुकानातून चढ्या दराने वह्या, हे सगळं प्राप्तिकराच्या सवलतीवर गदा आणतं. संस्थापक, विश्वस्त, मोठे देणगीदार आणि त्यांचे नातेवाईक या सगळ्यांना कायदा एका गटात धरतो. नात्यातल्या कुणी खरंच पूर्णवेळ काम केलं तर वाजवी मानधन देता येतं, पण "वाजवी" हे सिद्ध करायची जबाबदारी तुमची. माझा सल्ला, पहिली काही वर्षं घरच्यांनी एक रुपयाही घेऊ नये.

तीन, "आपल्या समाजातल्या मुलांसाठी". ही इच्छा फार जण बोलून दाखवतात आणि त्यामागची माया खरी असते. पण विशिष्ट जातीच्या किंवा धर्माच्या लोकांपुरताच धर्मादाय ट्रस्ट काढला तर प्राप्तिकराची सूट मिळत नाही. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, मागासवर्ग, स्त्रिया आणि मुलं यांच्यासाठीचं काम मात्र या आडकाठीतून वगळलेलं आहे. म्हणून शब्द जपून लिहावे लागतात. "गरजू विद्यार्थी" असं लिहा आणि निवड खरोखर गरजेवर करा.

अमेरिकेतल्या धाकट्याचा प्रश्न बहुतेक घरांत निघतो, तेव्हा तोही इथेच. तो भारतीय पासपोर्टवर असेल तर त्याच्या स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत आलेली देणगी परदेशी देणगी ठरत नाही. त्याने तिथलं नागरिकत्व घेतलं असेल, तर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असलं तरी ती परदेशी देणगी ठरते आणि परदेशी अंशदान कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय घेता येत नाही. ती नोंदणी नव्या ट्रस्टला लगेच मिळतही नाही. तीन वर्षं झालेली असावी लागतात आणि त्या काळात १५ लाख रुपये कामावर खर्च झालेले असावे लागतात. धाकट्याने पाठवलेले डॉलर उत्साहाच्या भरात ट्रस्टच्या खात्यात घेऊ नका. त्याने इथे आईला मदत करावी, पण ट्रस्टला हात लावण्याआधी पासपोर्ट विचारा.

इथपर्यंत एकमत झालं की मग कागद.

संस्था कोणत्या स्वरूपाची, हे घरच्या कामासाठी फार डोकं लढवण्याचं प्रकरण नाही. सोसायटी नोंदणी कायदा, १८६० खाली संस्था काढायची तर किमान सात सभासद लागतात, निवडणुका, वार्षिक सभा हे सगळं येतं. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम ८ खालची कंपनी कॉर्पोरेट पैशावर मोठं काम उभारणाऱ्यांना सोयीची. आईच्या नावाने शिष्यवृत्ती द्यायची असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० खालचा साधा ट्रस्ट पुरतो. विश्वस्तलेख झाल्यापासून तीन महिन्यांत धर्मादाय कार्यालयात नोंदणीचा अर्ज करायचा असतो. नाशिकला सह आयुक्तांचं कार्यालय असल्याने मुंबईला जायची गरज पडत नाही.

विश्वस्तलेखावर मात्र वेळ द्या. बाजारात तयार नमुने मिळतात, नाव बदललं की झालं असं वाटतं. मी अशा नमुन्यांत पहिल्यांदा विश्वस्त बदलण्याचं कलम वाचते, आणि ते बहुतेक वेळा तीन ओळींचं असतं. तिथेच पुढचं भांडण असतं.

पाच किंवा सात विश्वस्त ठेवा. सगळे घरचे नकोत. निदान दोन जण बाहेरचे घ्या: ज्या भागात काम करायचं तिथला एखादा मुख्याध्यापक, गावातल्या डॉक्टर, वडिलांचा जुना स्नेही. त्यांना शोभेसाठी घेऊ नका. सभेला येतील आणि "हा खर्च कशाला?" असं विचारतील अशीच माणसं घ्या. प्रत्येक विश्वस्ताची मुदत लिहा, पाच वर्षं ठीक. तहहयात विश्वस्तांबद्दल २०२५ साली राज्याने कायद्यात नवी तरतूद आणली आहे, त्यामुळे "मी आणि माझ्यानंतर थोरला मुलगा, त्यानंतर त्याचा थोरला" असली वंशपरंपरा घालण्याआधी वकिलाकडून ती तरतूद तपासून घ्या. मला व्यक्तिशः वंशपरंपरेचं कलम मान्य नाही. थोरल्याला रस नसतो आणि धाकटी जीव ओतून काम करते, असं मी डोळ्यांनी पाहिलंय. कलमामुळे ती बाहेर आणि तो आत. त्याऐवजी "संस्थापकांच्या वंशजांपैकी किमान दोन जण, उरलेल्या विश्वस्तांनी निवडलेले" असं लिहा. मुली आणि त्यांची मुलंही वंशजांत येतात हे स्पष्ट शब्दांत लिहा. नाहीतर नंतर कुणीतरी "ती आता दुसऱ्या घरची" म्हणायला कमी करत नाही.

राजीनामा कुणाकडे द्यायचा, सलग किती सभांना गैरहजर राहिल्यावर जागा रिकामी समजायची, गणपूर्ती किती, समान मतं पडली तर काय, ट्रस्ट बंद करायची वेळ आली तर शिल्लक तशाच उद्दिष्टाच्या दुसऱ्या ट्रस्टला जाईल, ती घरात वाटली जाणार नाही, ही कलमं असलीच पाहिजेत. शेवटचं कलम नसेल तर प्राप्तिकर खातं हमखास विचारतं.

धर्मादाय कार्यालयाचा अर्ज आता ऑनलाइन भरतात, नंतर कागदांची पूर्तता होते. विश्वस्तलेख, विश्वस्तांची ओळखपत्रं आणि संमतीपत्रं, प्रतिज्ञापत्र, ऑफिसच्या पत्त्याचा पुरावा म्हणून लाइट बिल किंवा घरपट्टी आणि जागामालकाचं ना हरकत पत्र. पत्ता निवडताना विचार करा. भाड्याच्या फ्लॅटचा पत्ता दिला आणि दोन वर्षांनी घर बदललं की नोटिसा जुन्या दारावर जातात. चौकशी होते, आदेश होतो, आणि नोंदणी क्रमांक पडतो. ट्रस्टचा क्रमांक "ई" ने सुरू होतो, सोसायटीचा "एफ" ने. परिशिष्ट १ चा, म्हणजे धर्मादायच्या नोंदवहीतल्या तुमच्या ट्रस्टच्या नोंदीचा, उतारा मिळाला की त्यातली नावं, मूळ रक्कम, पत्ता एकेक अक्षर तपासा. नावातली वेलांटी चुकली तर पॅन कार्डवर, बँकेत आणि प्राप्तिकरात तीच चूक फिरत राहते.

त्यानंतर पॅन, बँक खातं, आणि प्राप्तिकर. लोक "१२ए" आणि "८०जी" हे आकडे पाठ करून येतात. ती १९६१ च्या कायद्यातली कलमं. १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर कायदा, २०२५ लागू आहे, त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, पण कल्पना तीच. एक नोंदणी ट्रस्टचं उत्पन्न करमुक्त होण्यासाठी, दुसरी मान्यता देणगीदाराला वजावट मिळण्यासाठी. नव्या ट्रस्टला आधी तीन वर्षांची तात्पुरती नोंदणी मिळते. काम सुरू झालं की सहा महिन्यांत, किंवा तात्पुरती मुदत संपायच्या किमान सहा महिने आधी, यातलं जे आधी येईल तेव्हा नियमित नोंदणीचा अर्ज करावा लागतो. ही तारीख चुकवणारे ट्रस्ट मी खूप पाहते, म्हणून नोंदणीचा आदेश हातात आला की त्याच दिवशी मोबाइलमध्ये आठवण लावा, दोघांच्या मोबाइलमध्ये.

देणगीदारांना खरं सांगा. वजावट देणगीच्या ५० टक्के, तीही एकूण उत्पन्नाच्या ठराविक मर्यादेत, आणि जुन्या करप्रणालीत राहणाऱ्यांनाच. दोन हजारांच्या वर रोख दिलेल्या देणगीला वजावट नाही. त्यामुळे रोख देणगी शक्यतो घेऊच नका.

खर्चाचा नियम सोपा आहे: वर्षाच्या उत्पन्नापैकी ८५ टक्के रक्कम उद्दिष्टांवर खर्च व्हायला हवी. मघाचं उदाहरण घेतलं तर १ लाख ७५ हजारांपैकी १ लाख ४८ हजार ७५०, ट्रस्ट चालवण्याचा खर्च धरून. कायमनिधीची, म्हणजे मुद्दल न मोडता फक्त व्याज वापरायच्या ठेवीची, रक्कम यातून वेगळी, पण ती कायमनिधीसाठी आहे असं देणगीदाराचं लेखी पत्र हवं. घरच्याच भावाने दिले तरी पत्र हवं. "ही रक्कम ट्रस्टच्या कायमनिधीसाठी देत आहे", तारीख, सही, एवढं एक वाक्य पुरतं. ते नसेल तर २५ लाख हे त्या वर्षाचं उत्पन्न धरलं जाऊ शकतं.

आणि ठेव कुठे ठेवायची? आपल्या जिल्ह्यात पतसंस्था गल्लोगल्ली आहेत, ओळखीचे संचालक असतात, व्याज टक्काभर जास्त मिळतं. पतसंस्था ही बँक नाही. ट्रस्टचा पैसा कायद्याने ठरवून दिलेल्या ठिकाणीच ठेवायचा असतो: अनुसूचित बँक, टपाल खातं, सरकारी रोखे यांसारख्या. टक्काभर व्याजासाठी करसवलत आणि मुद्दल दोन्ही टांगणीला लावू नका. या बाबतीत मी कुणाचंही ऐकत नाही, आणि तुम्हीही संचालकाच्या ओळखीला भुलू नका.

जमीन देणार असाल तर आणखी सावकाश. ट्रस्टच्या नावावर गेलेली स्थावर मालमत्ता विकायची, बदलायची किंवा लांब मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायची तर १९५० च्या ट्रस्ट कायद्याच्या कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. शेतजमिनीसाठी दहा वर्षांवरचा आणि इतर जागेसाठी तीन वर्षांवरचा भाडेपट्टा त्यात येतो. ट्रस्टसाठी कर्ज काढण्याआधीही परवानगीचा नियम तपासून घ्या. शेतजमिनीचा आणखी एक गुंता आहे: ट्रस्ट शेतकरी नसतो, त्यामुळे कुळकायद्याच्या कलम ६३ चा अडसर येतो. "मळ्यातली वीस गुंठे आईच्या नावाने देऊन टाकू" असं भावनेने ठरतं, आणि सातबारावर ते उतरवताना वर्षं जातात. जमिनीच्या ऐवजी तिचं दरवर्षीचं उत्पन्न किंवा विक्रीतून आलेली रक्कम द्या, काम लवकर सुरू होतं.

सिंहस्थाच्या निमित्ताने येणाऱ्यांसाठी दोन शब्द. २०२७ चा कुंभमेळा जवळ आला की अन्नछत्र, पाणपोई, निवारा यांसाठी "पटकन ट्रस्ट काढून द्या" अशी मागणी होते. हेतू चांगला आहे, पण काही महिन्यांच्या सेवेसाठी कायमचा ट्रस्ट कशाला? आधीपासून काम करणाऱ्या, हिशोब दाखवणाऱ्या संस्थेला शिधा द्या, माणसं द्या, पावती घ्या. मेळा संपल्यावर कुणीच न सांभाळलेल्या ट्रस्टच्या फायली कार्यालयात पडून राहतात, आणि त्यातल्या विश्वस्तांना नोटिसा येत राहतात.

आता सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. विश्वस्त बदलला, वारला, राजीनामा दिला, पत्ता बदलला, की १९५० च्या त्याच ट्रस्ट कायद्याच्या कलम २२ खाली ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो. सगळे त्याला चेंज रिपोर्टच म्हणतात. तो मंजूर होईपर्यंत परिशिष्ट १ वर जुनीच नावं राहतात.

मुलींचं वसतिगृह चालवणारा एक घरगुती ट्रस्ट माझ्याकडे आला तेव्हा पाच विश्वस्तांपैकी तिघे हयात नव्हते. कुणाचाच चेंज रिपोर्ट दिलेला नव्हता. काम चांगलं होतं, मुली पास होत होत्या, धान्य उधारीवर येत होतं. पण बँकेत सहीचे अधिकार असलेले दोघंही गेलेले, त्यामुळे ठेव मुदत संपूनही हलेना. नव्या विश्वस्तांची नेमणूक कोणत्या सभेत झाली, त्या सभेला गणपूर्ती होती का, अजेंडा कुणी काढला, हे सगळं सिद्ध करायला इतिवृत्ताची वही हवी होती. ती वही मृत सचिवांच्या घरी पोटमाळ्यावर सापडली, आणि त्यात शेवटची सभा कितीतरी वर्षांपूर्वीची. विलंब माफीचे अर्ज, प्रतिज्ञापत्रं, दिवंगतांच्या वारसांच्या ना हरकती, एका पुतण्याची हरकत. त्या सगळ्या काळात मुलींचं जेवण दोन बहिणींनी स्वतःच्या पेन्शनमधून चालवलं. त्या बहिणींपुढे मी आजही हात जोडते, पण ही वेळ त्यांच्यावर यायलाच नको होती.

म्हणून विश्वस्तांपैकी एकाच्या नावावर हे काम टाका: वर्षातून किमान दोन सभा, लेखी अजेंडा, वहीत इतिवृत्त, त्यावर उपस्थितांच्या सह्या. वही कुणाच्या घरी आहे ते सगळ्यांना माहीत हवं, आणि प्रत्येक सभेनंतर पानांचे फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर जावेत. सूतक फिटलं, की दिवंगत विश्वस्ताच्या मृत्यूचा दाखला घेऊन सभा बोलवा. मनाला जड जातं, मला कळतं. पण ९० दिवस थांबत नाहीत. बँकेत तिघांपैकी कुणाही दोघांच्या सह्या अशी सोय ठेवा, म्हणजे एक जण गेला तरी खातं चालू राहतं.

बाकी वर्षाचं वेळापत्रक तुमचा ऑडिटर सांभाळेल: ३१ मार्चला हिशोब बंद, ऑडिट, धर्मादायला ताळेबंद, प्राप्तिकराचं विवरणपत्र, देणगीदारांचं विवरण आणि प्रमाणपत्रं. तुम्ही फक्त बिलं महिन्याच्या महिन्याला द्या. मुलाला फी दिली तर ती थेट शाळेच्या किंवा वसतिगृहाच्या खात्यावर भरा आणि पावती फाइलला लावा. रुग्णाला गाडीभाडं दिलं तर दवाखान्याच्या केसपेपरची झेरॉक्स आणि रक्कम मिळाल्याची सही घ्या. निफाडच्या त्या घरातली बहीण हे फार छान करते. तिच्या फाइलमध्ये प्रत्येक मुलाचं एक पान आहे: गाव, शाळा, दरवर्षीचे मार्क, दिलेली रक्कम, आणि खाली त्याच्याच अक्षरात दोन ओळी. ऑडिटला ती फाइल उघडली की मला काही विचारावंच लागत नाही.

पहिल्या भेटीला येताना काय आणायचं? सगळ्या भावंडांचे पॅन आणि आधार, परदेशातल्यांचे पासपोर्ट, द्यायच्या रकमेचा स्रोत दाखवणारे कागद, जमीन असेल तर ताजा सातबारा, ऑफिससाठी द्यायच्या जागेचं लाइट बिल, बाहेरच्या दोन विश्वस्तांची सुचवलेली नावं, आणि बैठकीत सह्या झालेला तो कागद. शक्यतो आईलाही आणा. आणि ज्या भावाला किंवा वहिनीला ट्रस्ट नको वाटतोय, त्यांनाही जरूर आणा. विश्वस्तलेखाचा मसुदा करण्याआधी मला त्यांच्या शंका ऐकायच्या असतात.